ऐरण यादीतून गळाली

सुरी बनवायचं खूळ डोक्यात शिरलं तेव्हा मी आधी यादी केली. ऐरण, घण, भाता, बेल्ट ग्राइंडर. बेरीज केल्यावर कळलं, की एवढ्या पैशांत तयार सुऱ्यांनी कपाट भरेल. यादी फाडली आणि नुसती कामं लिहून काढली: कापणं, घासणं, भोकं पाडणं, तापवणं, तेलात बुडवणं. ठोकणं त्यात कुठेच नव्हतं. पोलादाची चपटी पट्टी घेतली, तर नको तेवढं काढून टाकायचं, उरते ती सुरी. ऐरण तिथेच गळाली.

तरी पहिली खरेदी चुकलीच. घासायचा कंटाळा म्हणून चार इंची अँगल ग्राइंडर घेतला. मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे. बाहेरचा आकार त्याने झकास निघाला, पण धारेचा उतार काढायला गेलो आणि दोन सेकंदांत टोकाजवळ खळगा पडला. टोक निळंही झालं. ते चालतं म्हणा. पाणी देण्याआधी, म्हणजे तापवून तेलात बुडवून पातं कठीण करण्याआधी, निळं पडलं तर काही बिघडत नाही, नंतर पडलं तर तेवढ्या जागेचा कठीणपणा गेला. खळगा मात्र भरून येत नाही. दोष यंत्राचा नव्हता, हात बसायच्या आधी घाई मी केली होती.

मग कानस. इथेही आधी स्वस्तातला सहा कानशींचा संच आणला. आठवड्यात त्यांचे दात बोथट झाले. त्यातला निम्मा दोष माझा: कानस पुढे जाताना कापते, मागे आणताना ती उचलायची असते आणि मी दोन्हीकडून रगडत होतो. संच बाजूला ठेवून चांगल्यातली दहा इंची खरबरीत कानस एकच घेतली, जोडीला एक बारीक. घासण्याआधी दातांवर खडू फिरवायचा, मग लोखंडाचा कीस खाचांत अडकत नाही आणि पात्यावर ओरखडे उठत नाहीत. मधूनमधून तारेचा ब्रश. एवढ्यावर त्या दोन कानशी अजून टिकून आहेत.

उताराचा कोन हाताने सारखा राहीना. त्यासाठी केलेला जुगाड मला सगळ्या हत्यारांत जास्त आवडतो. पातं एका फळीवर आडवं आवळायचं. फळीच्या मागच्या टोकाला उभ्या लाकडात एक आयबोल्ट, म्हणजे डोक्याला गोल कडी असलेला बोल्ट. कानशीला लांब सळई घट्ट बांधायची आणि सळईचं दुसरं टोक त्या बोल्टच्या डोळ्यातून ओवायचं. आता कानस कशीही ढकला, कोन तोच. बोल्ट वर घेतला की उतार तीव्र, खाली घेतला की सपाट. फळी आणि बोल्ट घरातच पडलेले होते.

मध्यरेषा आखायला वेगळं काही लागत नाही, हे कळलं तेव्हा मी एकटाच हसलो होतो. पट्टी तीन मिलिमीटर जाड, म्हणून तीन मिलिमीटरचंच ड्रिल बिट घेतलं. पट्टी आणि बिट दोन्ही सपाट टेबलावर आडवे ठेवले. बिटाचं टोक बरोबर मधल्या उंचीवर येतं. मार्करने काळी केलेली कड त्या टोकावर ओढली, पट्टी उलटी करून पुन्हा ओढली. केसभर अंतराने दोन रेघा उमटल्या. दोन्ही बाजूंनी घासत यायचं ते या रेघांपर्यंत. पाणी देण्याआधी कडेला अर्धा मिलिमीटर तरी जाडी ठेवतो, नाहीतर पातं वाकतं किंवा तडकतं. मुठीची भोकंही आधीच पाडायची. नंतर साधं बिट पोलादात शिरत नाही.

पोलादात काटकसर केली आणि महागात पडलं. भंगारातली पट्टी महिनाभर घासली, तापवली, तेलात बुडवली. कानस लावली तर ती मजेत खात होती. साधं मऊ लोखंड निघालं. पुढची पट्टी नाव माहीत असलेली घेतली: 1084. शेवटचे दोन आकडे कार्बन सांगतात, साधारण 0.84 टक्के. नवशिक्याच्या चुका पोटात घालणारं पोलाद आहे.

भट्टी म्हणजे आतून कोरलेल्या दोन हलक्या उष्णतारोधक विटा आणि गॅसचा टॉर्च. छोट्या पात्याला पुरते. तापमान चुंबकाने ओळखलं: 770 अंशांच्या सुमारास पोलाद चुंबकाला चिकटेनासं होतं. तिथून थोडं आणखी तापवून, साधारण 815 ला, पातं पन्नासेक अंश कोमट केलेल्या खाद्यतेलात टोकाकडून सरळ खाली. आडवं हलवायचं नाही. तेल झाकणाच्या धातूच्या डब्यात आणि सगळा कारभार घराबाहेर, कारण भडका उडतो. जस्ताचा मुलामा असलेलं काहीही तापवायचं नाही, त्याचा धूर विषारी असतो. आणि जिथे पैसे वाचवायचेच नाहीत ती वस्तू म्हणजे मास्क. तोंडाला बांधलेला रुमाल धातूच्या बारीक धुळीला अडवत नाही.

तेलातून काढल्यावर कानस पात्यावरून काचेवरून जावी तशी सरकली. तो आवाज वेगळाच असतो, खर्र नाही, किर्र. पण या अवस्थेत पातं पडलं तर तुटेल इतकं ठिसूळ असतं, म्हणून लगेच जुन्या ओव्हनमध्ये 200 अंशांवर दोन तास, गार करून पुन्हा दोन तास. ओव्हनच्या बटणावर विश्वास ठेवू नका. आत वेगळा थर्मामीटर ठेवला तर माझा ओव्हन तीस अंश जास्त दाखवत होता. नीट झालं की घासलेल्या पोलादावर वाळक्या गवतासारखा पिवळा रंग चढतो.

पातं टोकाकडे थोडं वाकलं होतं. दुसऱ्या फेरीत ते जाड सरळ पट्टीला शिकंज्यांनी आवळलं, खाली नाणं सरकवून उलट बाजूला किंचित जास्त वाकवलं आणि तसंच ओव्हनमध्ये ठेवलं. बरंचसं सरळ झालं. मूठ लाकडी, चिकटवायला इपॉक्सी आणि दोन पितळी पिना. ते काम एका संध्याकाळचं. धार निसण्यावर लावली. वरून पाहिलं तर टोक अजून केसभर डावीकडे आहे.