उरलेल्या गोळ्यांचा हिशेब

मादक औषधांच्या हिशेबात एक गोळी कमी भरली तर आमची झोप उडते आणि एक जास्त भरली तर त्याहून अधिक उडते. कमी भरण्याला कारणे तरी असतात : ॲम्प्युल, म्हणजे इंजेक्शनची काचेची कुपी, हातातून निसटली, पट्टीतली गोळी फुटलेली निघाली, रात्रपाळीच्या सिस्टरची नोंद राहून गेली. जास्त भरण्याचा अर्थ मात्र सरळ निघतो, की कोणाला तरी दिल्याचे लिहिले आणि प्रत्यक्षात दिले नाही. म्हणून त्या शनिवारी, ओपीडी आवरत आलेली असताना, खिडकीवर आलेल्या स्टीलच्या डब्यातल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून झाल्या, तेव्हा माझ्या कनिष्ठ सहकाऱ्याच्या तोंडून "मॅडम, एवढ्या कशा?" हेच निघाले आणि त्या क्षणी माझ्याही मनात दुसरे काही नव्हते.

मध्य मुंबईतल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या फार्मसीत मादक औषधांचे कपाट माझ्या ताब्यात असते. रुग्ण आणि त्याचे कुटुंब ओळखू येऊ नये इतपत तपशील मी बदलले आहेत. आकडे बदललेले नाहीत, कारण जे सांगायचे आहे ते आकड्यांतच आहे.

या कामातले बाहेरच्यांना ठाऊक नसते तेवढे सांगते. कपाटाला दोन कुलपे असतात. एक किल्ली माझ्याकडे आणि दुसरी त्या पाळीच्या नर्सिंग इन्चार्जकडे, म्हणजे कोणालाही एकट्याने ते उघडता येऊ नये. रजिस्टरची पाने छापील क्रमांकांची, प्रत्येक औषधाला आणि त्याच्या प्रत्येक ताकदीला वेगळे पान. खाडाखोड आणि पांढरी शाई वर्ज्य, चुकले तर एक आडवी रेघ आणि शेजारी सही. वॉर्डातून रिकामी ॲम्प्युल परत आल्याशिवाय भरलेली दिली जात नाही, आणि रिकामीवरचा बॅच क्रमांक दिलेल्या बॅचशी जुळावा लागतो. फेंटानिल या मॉर्फिनसारख्याच वेदनाशामकाची 2 मिलिलिटरची ॲम्प्युल म्हणजे 100 मायक्रोग्रॅम. रुग्णाला त्यातले 60 लागले तर उरलेले 40 दुसऱ्या सिस्टरच्या डोळ्यांदेखत टाकून दोघींनी सह्या करायच्या असतात, आणि रात्री तीन वाजता ती दुसरी सिस्टर शेजारच्या वॉर्डातून स्वतःचे रुग्ण सोडून त्यासाठी येते. ऑपरेशन थिएटरमधले काही मोठे डॉक्टर मात्र आठवड्याच्या सह्या शनिवारी एका बैठकीत, एकाच पेनाने उरकतात आणि वर आम्हालाच कारकून म्हणतात. वेदनाशामक पंपाच्या सिरिंजा आम्ही भरतो, त्याचा मला अभिमान आहे : औषध, दर मिलिलिटरमधली मात्रा, भरल्याची वेळ, वापरण्याची मुदत आणि भरणाऱ्याची व तपासणाऱ्याची सही यांतले एक जरी लेबलवर नसले तरी ती सिरिंज खोलीबाहेर जात नाही.

हा सगळा बंदोबस्त भीतीतून जन्मलेला आहे. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गंभीर गुन्ह्याला किमान दहा वर्षांची शिक्षा होती आणि औषध बाळगायला वेगवेगळ्या खात्यांचे परवाने लागत. परिणामी अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. ज्या देशात सरकारी परवान्याने अफू पिकते आणि नीमच व गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत त्यातून मॉर्फिन निघते, त्याच देशातले कर्करोगाचे रुग्ण मॉर्फिनवाचून तळमळत राहिले. 2014 च्या दुरुस्तीने 'अत्यावश्यक मादक औषधे' असा वर्ग केला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे त्यात आली. 2015 च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकांची एक मान्यता पुरते. रोजची नोंद 3एच या नमुन्यात ठेवायची : आले किती, दिले किती, शिल्लक किती.

आता तो डबा. तो घेऊन आलेला मुलगा पंचविशीतला होता. वडिलांना तोंडाचा कर्करोग. उपचार थांबवून केवळ वेदना आटोक्यात ठेवण्याचे औषध चालू होते आणि गिळता येत नसल्यामुळे नाकातून नळी घातलेली होती. वडील गेले, तेरावे झाले, आणि आईने उरलेल्या गोळ्या परत देऊन यायला सांगितले. तो अंबरनाथहून लोकलने आला होता आणि दादरला पोलीस पिशव्या तपासताना दिसले, तेव्हा आपल्याला धरतात की काय या धास्तीने त्याला घाम फुटला होता. एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे : उरलेले मॉर्फिन आपण होऊन परत आणणारी माणसे फार थोडी. बहुतेक घरांत ते कपाटात पडून राहते, कचऱ्यात जाते, किंवा सर्वांत वाईट म्हणजे 'दुखण्यावर जालीम गोळी आहे' म्हणून शेजारच्या कंबरदुखीवाल्याला दिले जाते.

परत आलेल्या गोळ्या साठ्यात घेता येत नाहीत. त्या दोघांनी मोजायच्या, सिस्टरला साक्षीला बोलवायचे, पाकिटात घालून सील करायचे, सीलवरून आडव्या सह्या करायच्या आणि रीतसर विल्हेवाट लागेपर्यंत त्याच कपाटात, पण वेगळ्या कप्प्यात ठेवायचे, अशी आमची पद्धत आहे. एरवी हे दहा मिनिटांचे काम असते. या वेळी त्याला तासभर लागला, कारण त्या माउलीने प्रत्येक पट्टी कात्रीने कापून एकेक गोळी सुटी केली होती, आणि सकाळच्या गोळ्यांची एक व रात्रीच्या गोळ्यांची एक अशा वर्तमानपत्राच्या कागदाच्या पुड्या बांधल्या होत्या. बॅच क्रमांक पट्टीच्या एका टोकाला ठोकलेला असतो. पट्टी कापली की दहांतल्या जेमतेम दोन तुकड्यांवर त्याचे अर्धेमुर्धे आकडे येतात, बाकीच्या गोळ्या निनावी होतात. आम्ही दहा-दहांच्या रांगा लावून मोजले, मग अदलाबदल करून पुन्हा मोजले. 241.

रजिस्टर काढले. पहिल्या वेळी मॉर्फिन 10 मिलिग्रॅम, दर चार तासांनी एक आणि रात्री झोपताना दोन, म्हणजे दिवसाला सहा. चौदा दिवसांच्या 84 आणि मधूनच उठणाऱ्या कळेसाठी 16, मिळून 100. चौदा दिवसांनी दुसऱ्या भेटीत केसपेपरवर 'वेदना 10 पैकी 8' अशी नोंद होती, म्हणून डॉक्टरांनी मात्रा दुप्पट केली : दिवसाला बारा, चौदा दिवसांच्या 168 आणि जादाच्या 32, मिळून 200. त्यानंतर नवव्या दिवशी रुग्ण गेला. कळेसाठीची एकही गोळी वापरली नाही असे धरले, तरी तेवीस दिवसांत 84 आणि 108 मिळून 192 गोळ्या पोटात जायला हव्या होत्या. गेल्या होत्या 300 वजा 241, म्हणजे 59.

सहकाऱ्याला वाटले, दुसऱ्या कुठल्या रुग्णालयातूनही गोळ्या घेतल्या असतील आणि त्या यांत मिसळल्या असतील. ही शंका अगदीच गैरवाजवी नव्हती. पण शाबूत राहिलेले बॅच क्रमांक आमचेच होते, आणि 59 ला 23 ने भागल्यावर जे उत्तर आले त्यानंतर मला शंका उरली नाही. रोज दोन किंवा तीन. एक सकाळच्या पुडीतली आणि एक रात्रीच्या.

मुलाला आत बोलावून बसवले. मी विचारायच्या आधीच तो म्हणाला, "मॅडम, आई दोनच देत होती. सहा दिल्या तर बाबा उठणारच नाहीत, असं तिला वाटायचं." थोड्या वेळाने म्हणाला, "डॉक्टरांनी दुप्पट केल्यावर तर ती फारच घाबरली." डॉक्टरांना का सांगितले नाही, असे विचारल्यावर तो म्हणाला, "ओरडले असते ना."

साध्या मॉर्फिनच्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो, म्हणूनच ती दर चार तासांनी द्यायची असते. जागतिक आरोग्य संघटनेने 1986 मध्ये कर्करोगाच्या वेदनांसाठी जी पद्धत सांगितली, तिचा कणाच 'घड्याळाप्रमाणे द्या, कळ येण्याची वाट पाहू नका' हा आहे. दोन गोळ्यांच्या दिवशी त्या माणसाला आठ तास आधार मिळाला असेल. उरलेले सोळा तास त्याने कसे काढले असतील, याचा विचार मी एकदा केला आणि पुन्हा करत नाही.

फार्मासिस्ट म्हणून जी गोष्ट मला अधिक छळते ती वेगळी आहे. दुप्पट केलेली मात्रा खोट्या पायावर उभी होती. डॉक्टरांनी कागदावरचे 60 मिलिग्रॅम खरे मानून 120 केले, आणि माणूस प्रत्यक्षात सरासरी 25 च्या आसपास घेत होता. शेवटच्या आठवड्यात त्याला भरती केले असते, तर सिस्टरने केसपेपर पाहून मात्रा पूर्ण आणि वेळेवर दिली असती, म्हणजे सवय नसलेल्या शरीराला एकदम जवळजवळ पाचपट. श्वास मंदावला असता, मॉर्फिनवरचा उतारा असलेले नॅलोक्सोन शोधायची धावाधाव झाली असती, आणि कदाचित त्या बाईची भीती आम्हीच खरी करून दाखवली असती. सिस्टरने मात्र सगळे नियमाप्रमाणेच केलेले असते.

आमच्या पेलिएटिव्ह, म्हणजे वेदनाशमनाच्या विभागाच्या मॅडमना मी त्याच दिवशी हे आकडे दाखवले. त्या बराच वेळ कागद पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्यांना घरी कोणीतरी काहीतरी सांगितलंय." सांगितलेच होते. घराजवळच्या एका औषधवाल्याने पट्टी पाहून 'ही अफूची गोळी, सवय लागेल, माणूस लवकर जाईल' असा सल्ला फुकट दिला होता. अशा दुकानदारांबद्दल मी इथे लिहू लागले तर भाषा घसरेल. पण दोष एकट्या त्याच्या माथी मारणेही खरे नाही. पट्टीच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत 'एनआरएक्स' ही मादक औषधाची खूण छापलेली असते. देताना आम्ही ओळखपत्राची प्रत मागतो, दोन ठिकाणी सह्या घेतो, कुलपात ठेवा, मुलांच्या हाती लागू देऊ नका, दुसऱ्याला देऊ नका, हरवल्या तर लगेच कळवा, असे बजावतो. यांतले एकही वाक्य गाळण्याजोगे नाही. आमच्या छापील माहितीपत्रकातही हीच वाक्ये वर आहेत. 'वेळ चुकवू नका' ही ओळ पार खाली आहे आणि ठरल्या मात्रेने दिली तर ही गोळी माणसाला मारत नाही, हे त्यात कुठेच नाही. मुलगा म्हणाला की आई डबा मंगळसूत्राच्या खणात ठेवायची आणि किल्ली कमरेला लावायची. सांभाळण्याबद्दल आम्ही जे सांगितले, ते तिने तंतोतंत पाळले होते.

आणखी एक गोष्ट तो उठता उठता बोलला, आणि तिने माझा हा सरळ हिशेब विस्कटून टाकला. "कधी कधी बाबाच हातानं नको करायचे. नात आली की त्यांना जागं राहायचं असायचं." म्हणजे त्या न दिलेल्या 133 गोळ्यांपैकी किती आईच्या भीतीपोटी राहिल्या आणि किती वडिलांनी स्वतः नाकारल्या, हे कोणी सांगू शकणार नाही. सुरुवातीच्या दिवसांतली गुंगी बहुधा लवकरच ओसरते, हे त्यांना कोणी सांगितले होते का, हेही नाही.

3एच मध्ये मी त्या दिवशी काही लिहू शकले नाही, कारण आमचा साठा तंतोतंत जुळत होता. आले, दिले, शिल्लक : तिन्ही रकाने निर्दोष. तपासनीस आले असते तर शाबासकी देऊन गेले असते. वॉर्डातल्या 40 मायक्रोग्रॅमसाठी आम्ही दोन सह्या घेतो आणि खिडकीतून बाहेर गेलेल्या 300 गोळ्यांबद्दल पुन्हा येईपर्यंत एक प्रश्नही विचारत नाही.

म्हणून मी औषध समितीसाठी एक टिपण केले. पुढच्या खेपेच्या गोळ्या देण्याआधी नातेवाइकाने रिकाम्या पट्ट्या आणि उरलेल्या गोळ्या आणाव्यात, आम्ही मोजाव्यात, आणि तफावत मोठी असेल तर मात्रा वाढवण्याआधी डॉक्टरांना फोन करावा. पेलिएटिव्हच्या मॅडमनी तात्काळ सही केली. प्रशासनाने 'कायद्यात अशी तरतूद आहे काय आणि मोजणी कोण करणार' असा शेरा मारून ते परत पाठवले. मेट्रनचा आक्षेप मात्र मला वजनदार वाटला : आधीच चोरासारख्या सह्या देणाऱ्या माणसाकडून पुन्हा गोळ्यांची मोजदाद मागितली, तर तो अधिक घाबरेल, की खरे बोलेल?

समितीची वाट न पाहता मी तोंडी विचारायला सुरुवात केली आहे. परवा एका बाईंना "मावशी, आधीच्यातल्या किती उरल्यात?" असे विचारले, तर त्यांनी पिशवीतून चार भरलेल्या पट्ट्या काढल्या आणि लगेच विचारले, "परत घेणार का तुम्ही? मग दुखलं तर काय देऊ?" घेणार नाही, असे सांगून मी वर फोन केला, मॅडमनी त्यांना बोलावून घेतले आणि मात्रा वाढवायची थांबवली. मागे रांगेत उभ्या असलेल्या गृहस्थांनी हे सगळे ऐकले होते. ते खिडकीशी आले आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "आमच्या सगळ्या संपल्या हो, मॅडम."

हा प्रश्न खिडकीवर विचारण्यासारखा नाही, आतल्या खोलीत बसवून विचारला पाहिजे, एवढे त्यावरून कळले. आतल्या खोलीत सध्या सलाइनचे खोके रचलेले आहेत. ते हलवण्यासाठी मी वेगळा अर्ज दिला आहे.