जिवाणू सापडला, पण तो कुठला?

पुण्यात परग्रहांवरील जीवसृष्टीचा विषय निघाला की जयंत नारळीकरांचे नाव येतेच आणि त्यापाठोपाठ फुग्याच्या प्रयोगाची आठवण निघते. ती सांगणारे बहुतेक जण "आकाशात जिवाणू सापडले" एवढ्यावर थांबतात आणि मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग सांगायचा राहून जातो. एप्रिल २००५ मध्ये इस्रोने हैदराबादहून सोडलेल्या एका प्रचंड फुग्याने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक केलेल्या पोलादी नळकांड्यांत गोळा केली. ही नळकांडी द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेली असल्यामुळे बाहेरची विरळ हवा आत येताच गोठत असे. हे नमुने हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणवीय जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत आणि पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात, अशा दोन प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे तपासले गेले, आणि दोन्हीकडची कार्यपद्धती सारखीच राहील याची काळजी घेतली गेली. जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती मिळाल्या. त्यांतील तीन जिवाणू नव्या प्रजातींचे ठरले आणि त्यांना खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल, इस्रो व आर्यभट यांच्यावरून नावे दिली गेली. तरीही २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर करताना इस्रोने स्पष्ट म्हटले की, हे सूक्ष्मजीव पृथ्वीबाहेरून आले असे यावरून निर्णायकपणे सिद्ध होत नाही. माझ्या मते या प्रयोगातून शिकण्यासारखे जे आहे, ते त्या एका वाक्यात आणि त्या दोन प्रयोगशाळांत आहे.

मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. प्रात्यक्षिकाच्या तासाला मुले १२१ अंशांवर दाबाखालील वाफेने निर्जंतुक (ऑटोक्लेव्ह) केलेले अगार, म्हणजे जिवाणू वाढवण्याचे जेलीसारखे माध्यम, पेट्री प्लेट या उथळ तबकडीत ओततात, नमुना लावतात, आणि एका प्लेटला मुद्दाम काहीच लावत नाहीत. दुसऱ्या दिवशी इन्क्युबेटर (प्लेट उबेत ठेवण्याची पेटी) उघडल्यावर सर्वांत आधी ती कोरी प्लेट पाहायची, असा माझा दंडक आहे. तिच्यावर टाचणीच्या डोक्याएवढी एक पिवळट वसाहत जरी दिसली, तरी त्या बॅचमधील सगळे आकडे बाद होतात, मग उरलेल्या प्लेट कितीही देखण्या असोत. मुलांना हे फार जाचक वाटते. परग्रहावर सूक्ष्मजीव शोधण्याचे शास्त्र मात्र जवळजवळ सगळे याच कोऱ्या प्लेटच्या प्रश्नाभोवती फिरते.

१९७६ मध्ये मंगळावर उतरलेल्या नासाच्या दोन व्हायकिंग यानांकडे पाहिले की हे कळते. गिल्बर्ट लेव्हिन आणि पॅट्रिशिया स्ट्राट यांच्या प्रयोगात चिमूटभर मातीवर पोषक द्रावणाचे काही थेंब सोडले गेले. त्या द्रावणातील कार्बन किरणोत्सारी होता, त्यामुळे मातीतील एखाद्या सूक्ष्मजीवाने ते अन्न पचवून वायू बाहेर टाकला, तर तो मोजणीयंत्रावर लगेच दिसणार होता. आणि तो दिसला. नियंत्रण म्हणून तीच माती आधी १६० अंशांवर तीन तास तापवून प्रयोग केला, तेव्हा वायू जवळजवळ आलाच नाही. नियम आधी ठरले होते आणि त्यांनुसार हा निकाल जीवसृष्टीच्या बाजूचा होता. परंतु त्याच मातीवर द्रावण दुसऱ्यांदा सोडल्यावर वायूचे प्रमाण वाढण्याऐवजी घटले. जिवंत आणि भुकेली वसाहत असे सहसा वागत नाही. शिवाय त्याच यानावरील दुसऱ्या उपकरणाला मातीत सेंद्रिय पदार्थच आढळले नाहीत. जे क्लोरीनयुक्त रेणू मिळाले, ते पृथ्वीवरच्या सफाईच्या रसायनांचे अवशेष मानले गेले. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी मातीतील एखाद्या तीव्र ऑक्सिडीकारकाला, म्हणजे इतर पदार्थांचे ऑक्सिडीकरण करणाऱ्या निर्जीव रसायनाला, या वायूचे श्रेय दिले. लेव्हिन यांनी ते अखेरपर्यंत मान्य केले नाही.

पुढे २००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट हा क्लोरीन आणि ऑक्सिजनयुक्त क्षार सापडला आणि जुन्या प्रकरणाला वेगळेच वळण लागले. परक्लोरेट थंड असताना निरुपद्रवी असते, पण तापवले की ऑक्सिजन सोडून जवळचे सेंद्रिय रेणू जाळून टाकते. आणि व्हायकिंगचे ते उपकरण माती ५०० अंशांपर्यंत तापवूनच तपासत होते. म्हणजे पुरावा शोधण्याच्या कृतीनेच पुरावा नष्ट होण्याची शक्यता होती. लेव्हिन यांच्या द्रावणातही एक त्रुटी राहिली, असे मला वाटते. त्यातील अॅलॅनिन आणि लॅक्टेट या पोषक रेणूंची डावी आणि उजवी रूपे, म्हणजे एकमेकांच्या आरशातील प्रतिमेसारखी रूपे, एकत्र मिसळलेली होती. ती वेगवेगळी दिली असती, तर मातीने त्यांतले एकच रूप निवडले का, हे कळले असते. पेशी अशी निवड करते, साधे ऑक्सिडीकारक रसायन करत नाही.

मुळात सूक्ष्मजीव वाढवून शोधणे ही पद्धत परग्रहासाठी लंगडी आहे. पृथ्वीवरच्या मातीतील सूक्ष्मजीवांपैकी फार थोडे आपल्या प्लेटवर वाढतात. मग मंगळावरच्या जिवाला कोणते अन्न, किती पाणी आणि किती ऊब लागेल, हे आपण कशावरून ठरवणार? डीएनए वाचण्याचे छोटे यंत्र २०१६ मध्ये अंतराळ स्थानकावर यशस्वीपणे चालले, परंतु तिकडचे जीवन डीएनएच वापरत असेल हे गृहीतच आहे.

म्हणून आता भर आहे तो रेणूंच्या ठेवणीवर. जीवसृष्टी रेणू बनवताना पक्षपात करते: तिची प्रथिने डाव्या रूपाच्या अमिनो आम्लांची असतात, तिची मेदाम्ले (चरबीतील लांब साखळीची आम्ले) कार्बनचे दोन-दोन अणू जोडत वाढल्यामुळे बहुधा सम संख्येची असतात, आणि तिला कार्बनचे हलके समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा कमी वजनाचा अणू) अधिक पसंत असते. निव्वळ रसायनक्रियेत असा काटेकोरपणा सहसा आढळत नाही. २०२३ मध्ये पृथ्वीवर आणलेल्या बेन्नू लघुग्रहाच्या धुळीत आपल्या प्रथिनांतील २० पैकी १४ अमिनो आम्ले मिळाली, पण त्यांची डावी आणि उजवी रूपे जवळपास सारख्या प्रमाणात होती. अमिनो आम्ल मिळाले म्हणजे जीव मिळाला, असे वृत्तपत्रांचे मथळे सुचवतात, ते इथेच कोसळते. क्युरिऑसिटी रोव्हरने मंगळावरच्या खडकात दहा, अकरा आणि बारा कार्बनच्या साखळ्या ओळखल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. त्या साखळ्या मेदाम्लांचे अवशेष असू शकतात, परंतु एवढ्या थोड्या साखळ्यांवरून सम-विषमचा कल सांगता येत नाही.

दुरून वायू किंवा रंग पाहून अंदाज बांधण्याच्या पद्धतींबद्दल मी थोडी साशंक आहे. २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले, ते छायाचित्रांत साऱ्या जगाने पाहिले. पण तो रंग हॅलोआर्किया या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा आहे, हे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासल्यावरच ठरले.

मात्र नमुना हाती आला म्हणून प्रश्न सुटत नाही. जपानी यानाने आणलेल्या र्‍यूगू लघुग्रहाच्या एका कणावर ब्रिटनमध्ये तंतूसारखे सूक्ष्मजीव दिसले. काही दिवसांत त्यांची संख्या वाढली आणि मग घटली. ही चाल पृथ्वीवरच्या सूक्ष्मजीवांचीच होती. नमुना तयार करतानाच ते त्यावर रुजले होते. एवढी काळजी घेऊनही हे घडू शकते, म्हणून मंगळावरील पर्सिव्हरन्स रोव्हरच्या नमुने भरण्याच्या ४३ नळ्यांपैकी पाच केवळ साक्षीदार म्हणून नेल्या आहेत. त्यांत खडक भरायचा नसतो. पृथ्वीवरून काय सोबत गेले, एवढेच त्या सांगणार.

या रोव्हरने जुलै २०२४ मध्ये जेझेरो विवराला मिळणाऱ्या प्राचीन नदीच्या पात्रात ठिपकेदार खडक पाहिला. त्या ठिपक्यांत लोहाचे फॉस्फेट आणि लोहाचे सल्फाइड असावे, असे उपकरणांचे संकेत आहेत, आणि पृथ्वीवर गाळातील सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थ खाताना अशीच खनिजे मागे ठेवतात. सप्टेंबर २०२५ मधील शोधनिबंधात त्याला "संभाव्य जैवखूण" म्हटले आहे आणि जीवाविना हे कसे घडू शकेल, याचीही चर्चा तिथेच केली आहे. निकाल लावायचा तर लोह आणि गंधक यांच्या समस्थानिकांचे सूक्ष्म मोजमाप हवे, ते रोव्हरवरच्या उपकरणांच्या आवाक्यात नाही. त्या खडकाचा गाभा नळीत बंद आहे आणि नळी अजून मंगळावरच आहे.