शिल्लक गियर

काही आठवड्यांपूर्वी एका दुपारी सायकलच्या दुकानात वर्तमानपत्राच्या पानावर दोन कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचे संच, शेजारीशेजारी पडलेल्या होत्या. एक माझ्याच रोड बाईकवरून नुकतीच उतरवलेली, ११ ते २५ दातांची, काळ्या वंगणाने माखलेली. दुसरी खोक्यातून काढलेली, ११ ते ३४ दातांची. नव्या कॅसेटमधली सर्वांत मोठी चकती जुनीशेजारी इतकी थोराड दिसत होती की दुकानातल्या मुलाला राहवले नाही. "काका, ३४ कशाला? २८ लावा की. ३४ साठी मागचा डिरेलर लांब केजचा घ्यावा लागेल, चेनही वाढवावी लागेल." डिरेलर म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग. त्याचे म्हणणे अचूक होते. बोलताना त्याने माझ्या पोटाकडे एकदाही पाहिले नाही, हा त्याचा सुसंस्कृतपणा.

त्याला खरे कारण सांगणे अवघड होते. पुढे ३४ दातांची चकती आणि मागे २५ असताना पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे २.८५ मीटर पुढे जाते. मागे ३४ असले की जेमतेम २.१. म्हणजे एका किलोमीटरला ३५० ऐवजी ४७६ फेऱ्या. घाट चढण्याचे एकूण काम तेवढेच राहते, फक्त त्याचे घास लहान होतात. ताशी साडेसात किलोमीटरच्या वेगाने जात असतानाही पाय मिनिटाला ६० वेळा फिरत राहतात, गुडघे कुरकुरत नाहीत आणि शेजारच्याशी बोलायला श्वास उरतो. हे सगळे खरे असले, तरी माझ्यापुरते कारण याहून वेगळे आहे. मला ते ३४ दात वापरायचे नाहीत. ते मागे शिल्लक हवे आहेत.

ज्यांनी कधी सिंहगड मारला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. वनखात्याच्या नाक्यापासून वरच्या वाहनतळापर्यंतचा आठ-नऊ किलोमीटरचा तो रस्ता वळणावळणावर अंगावर येतो, आणि अशाच एखाद्या वळणाच्या आतल्या बाजूला उजव्या हाताचे बोट आपसूक गियर बदलायच्या लिव्हरकडे जाते. लिव्हर दाबली जाते, पण नेहमीचा 'खट्' आवाज येत नाही, कारण चेन केव्हाच शेवटच्या चकतीवर जाऊन बसलेली असते. हे आपल्याला ठाऊक असते, तरी पुढच्या वळणावर आपण पुन्हा दाबतो. एकदा मान वाकवून मागे पाहण्याचाही प्रकार होतो. न जाणो, एखादी चकती नजरेतून सुटली असेल. त्या मोकळ्या, आवाज न करणाऱ्या लिव्हरइतके हताश करणारे दुसरे काही मला घाटात भेटलेले नाही. चढ त्यापुढे सोपा.

म्हणून आता मी ३० दातांवर अडून बसतो. घाम डोळ्यांत उतरतो, वेग ताशी सहावर येतो, शेजारून बेसनाची पाटी घेऊन चालत जाणाऱ्या मावशी आणि मी बराच वेळ बरोबरीने जातो. पण ३४ ला मी हात लावत नाही. "अजून एक आहे," एवढे मनाशी म्हणता आले की पुढचे वळण निघते.

साताऱ्यात आम्ही तासावर सायकली घेत असू, तेव्हा गियर नावाची वस्तू फक्त मोटारींना असते अशी आमची समजूत होती. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे जाताना जो चढ लागतो, तो न उतरता चढणे ही आम्हा मुलांची प्रतिष्ठा. पायडलवर उभे राहूनही जमेना, तेव्हा आम्ही रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी सायकल चालवत असू आणि मागून येणाऱ्या टांगेवाल्याच्या शिव्या खात असू. आज वाटते, गियर सायकलला नव्हते म्हणून आम्ही ते रस्त्याला लावत होतो. अंतर वाढवून चढ कमी करणे हाच तर सगळा हिशेब आहे. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मात्र यातले काहीच करावे लागत नसे. चढ सुरू झाला की ते शांतपणे खाली उतरत, पँटची क्लिप काढून खिशात ठेवत आणि कॅरियरला लावलेला डबा एका हाताने सावरत सायकल ढकलू लागत. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाशी त्यांचे बोलणे होई. वर पोहोचायला त्यांना आमच्याहून फार वेळ लागत असे, असेही नाही.

ही प्रतिष्ठेची बाधा केवळ साताऱ्याची नव्हे. 'टूर द फ्रान्स' सुरू करणारे आंरी देग्रांज यांनी १९०२ साली असे मत मांडले होते की गियर हे पंचेचाळिशीच्या पुढच्या माणसांसाठी ठीक. खऱ्या सायकलस्वाराने स्वतःच्या स्नायूंवर जिंकावे. तेव्हा ते स्वतः सदतीस वर्षांचे होते. त्यांच्या शर्यतीत आल्प्स आणि पिरेनीज चढणारे गडी खिंडीच्या पायथ्याशी उतरत, मागचे चाक काढून उलटे बसवत आणि दुसऱ्या बाजूची मोठी चकती वापरून वर जात. डिरेलरला तिथे १९३७ साली परवानगी मिळाली. मी पंचेचाळिशी केव्हाच ओलांडली आहे, त्यामुळे देग्रांज यांची मला तरी हरकत नसावी.

आपल्याकडे याबाबतीत अधिक शहाणपण दिसते. आषाढीच्या वारीत माउलींचा रथ दिवे घाट चढतो, तेव्हा त्याला जादा बैलजोड्या जोडतात, आणि त्यात रथाच्या किंवा बैलांच्या मानाला धक्का लागला असे कोणी म्हणत नाही. त्याच दिवे घाटात रविवारी सकाळी चहाच्या टपरीवर मात्र "मागे किती?" हा प्रश्न हळू आवाजात विचारला जातो आणि २५ किंवा २८ म्हणणारा माणूस किंचित ताठ उभा राहतो.

नव्या कॅसेटने काही हिरावूनही घेतले, हे मान्य केले पाहिजे. जुनीत १७ पर्यंत एकेक दाताची चढण होती. सपाट रस्त्यावर समोरून वारा आला की १६ दातांवर पाय नेमके बसत. नव्या कॅसेटमध्ये १५ नंतर एकदम १७ येतात. हडपसरपर्यंत ते १६ दात मला रोज आठवतात.

मध्यंतरी रात्रभर झोप झाली नव्हती आणि तरी बोपदेव घाटात गेलो. पहिल्याच वळणावर चेन सरळ ३४ वर टाकली आणि वरपर्यंत तिथेच ठेवली. मागे काहीही शिल्लक नव्हते, आणि घाट नेहमीसारखाच निघाला; वर जाऊन मी नेहमीइतकेच पाणी प्यालो. यावरून माझ्या सगळ्या सिद्धान्ताचे काय होते, याचा विचार सासवडपर्यंत करायचे ठरवले होते, पण उतारावर तो राहून गेला. पुढच्या रविवारी सिंहगडावर पुन्हा ३० वरच अडून बसलो.