खारपाणपट्ट्यातलं पाणी आणि डाग न पडणारी काच: आमची वाटचाल

दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट या भागात बोअरच्या पाण्याची कोणतीही टाकी उघडा, कडेला पांढरा थर दिसेल. तोच थर ट्रॅक्टर शोरूमच्या काचेवर आणि सोलर पॅनलवर बसतो. पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात हजार-दोन हजार टीडीएसचं (लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम विरघळलेले क्षार) पाणी सर्रास आहे. त्याने काच धुतली की पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. काचा आणि सोलर पॅनल धुण्याचं आमचं काम उभं आहे ते याच अडचणीवर. पाण्यातले क्षार आधीच काढले तर काच पुसावीच लागत नाही. लांब दांड्याच्या नायलॉन ब्रशने घासायची, वरून खाली पाणी सोडायचं आणि तशीच वाळू द्यायची. पाणी १० पीपीएमच्या (लिटरला १० मिलिग्रॅम क्षार) आत असेल तर डाग पडत नाही.

सुरुवातीचा सेट फक्त डीआय रेझिनचा (पाण्यातले क्षार धरून ठेवणाऱ्या मण्यांचा) होता. धरणाच्या नळाच्या पाण्यावर तो चालतो, बोअरवर परवडत नाही. १० लिटर मिक्स्ड बेड रेझिन १,५०० टीडीएसच्या पाण्यावर जेमतेम दीड-दोनशे लिटर शुद्ध पाणी देतं. आरओ मेम्ब्रेनने (दाबाने पाणी गाळणाऱ्या पडद्याने) तेच पाणी आधी ३० पीपीएमवर आणलं, तर तेवढंच रेझिन हजारो लिटर जातं. म्हणून पुढचा टप्पा ४०४० (चार इंच जाड, चाळीस इंच लांब) मेम्ब्रेनचा आला. तेव्हापासून आमच्या धंद्याचा नफा-तोटा मेम्ब्रेनच्या तब्येतीवर ठरतो. हिशेब साधा आहे. १,५०० टीडीएसवर मेम्ब्रेन ९८ टक्के क्षार अडवत असेल तर पुढे ३० पीपीएम जातात, ९० टक्के अडवत असेल तर १५०. म्हणजे रेझिन पाचपट लवकर संपतं. रेझिन लवकर संपतंय म्हणून रेझिनवाल्याला दोष देण्याआधी टीडीएस मीटर घेऊन मेम्ब्रेनच्या पुढचं-मागचं पाणी मोजा.

मेम्ब्रेनचा सगळ्यात मोठा शत्रू क्लोरीन. पॉलीअमाइडचा पातळ थर क्लोरीनने कायमचा जळतो, तो कशानेही परत येत नाही. खूण अशी की प्रॉडक्ट पाणी (मेम्ब्रेनमधून गाळून आलेलं) वाढतं आणि त्याचा टीडीएसही वाढतो. ग्रामपंचायत पावसाळ्यात ब्लीचिंग पावडरचा डोस वाढवते, त्या दिवसांत क्लोरीन अडवणाऱ्या कार्बन फिल्टरवर फार भिस्त ठेवू नका. जलसुरक्षकाकडे असते ती ओटीची (क्लोरीन तपासायच्या थेंबांची) बाटली जवळ ठेवा. कार्बननंतरच्या पाण्याला थेंब टाकल्यावर पिवळी छटा आली तर प्लांट बंद करा आणि कार्बन बदला. टाकीत तुरटी फिरवलेलं पाणीही प्लांटला देऊ नका, त्यातलं अ‍ॅल्युमिनियम मेम्ब्रेनवर बसतं.

दुसरा शत्रू क्षारांचा थर. तो बहुधा माणसाच्या चांगल्या हेतूने येतो. रिजेक्ट पाणी (अडवलेले क्षार घेऊन बाहेर पडणारं) वाया जातं म्हणून त्याच्या वाटेवरचा नीडल व्हॉल्व्ह आवळला जातो. आलेल्या पाण्यातलं अर्धं घेतलं तर उरलेल्यात क्षार दुप्पट होतात, पाऊण घेतलं तर चौपट, आणि मग कॅल्शियम कार्बोनेट मेम्ब्रेनवरच जमतं. एका ४०४० वर, रिजेक्टचा काही भाग पंपाकडे फिरवूनही, आम्ही ५० टक्क्यांपुढे जात नाही. अँटिस्केलंट (थर जमू न देणारं रसायन) लिटरला ३ ते ५ मिलिग्रॅम, म्हणजे तासाला १,००० लिटर पाण्यामागे ३ ते ५ ग्रॅम. रिजेक्ट पाणी गाडी धुवायला, संडासला वापरा. संत्र्याच्या आळ्यात मात्र सोडू नका, जमीन खराब होते.

मेम्ब्रेन धुवायची वेळ आकड्यांचं रजिस्टर सांगतं. प्रॉडक्टचा प्रवाह १० टक्क्यांनी घटला, किंवा मेम्ब्रेनच्या दोन टोकांतला दाबाचा फरक १५ टक्क्यांनी वाढला, की धुवा. यापेक्षा उशीर केला तर थर पूर्ण निघत नाही. तुलना करताना पाण्याचं तापमान बघा: एका अंशामागे प्रवाह साधारण ३ टक्के बदलतो, त्यामुळे जानेवारीतल्या पहाटे पाणी कमी आलं म्हणून लगेच अ‍ॅसिड काढायची गरज नाही.

पांढऱ्या थरासाठी ४० लिटर आरओच्याच पाण्यात ८०० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड विरघळवा. मिनिटाला ३० ते ३५ लिटर वेगाने, ४ बारच्या आतल्या दाबावर, अर्धा तास फिरवा. तासभर भिजू द्या, पुन्हा अर्धा तास फिरवा. पीएच ३ च्या वर सरकला तर अ‍ॅसिड अजून काम करतंय आणि कमी पडतंय, थोडं वाढवा. बुळबुळीत, वास मारणारा थर असेल तर आधी कॉस्टिक सोडा, ४० लिटरला ४० ग्रॅम, पीएच १२ च्या वर नाही आणि पाणी ३५ अंशांच्या आत. खळाळून धुऊन मग अ‍ॅसिड. दोन्ही एकत्र कधीही नको. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे काम करा.

मेम्ब्रेन बसवताना ब्राइन सीलची (मेम्ब्रेनभोवतीच्या रबरी कड्याची) ओठासारखी कड पाणी येणाऱ्या बाजूला हवी. उलटी बसली तर पाणी मेम्ब्रेनच्या बाहेरून निसटतं. ओ-रिंगला ग्लिसरीन लावा. ग्रीस किंवा व्हॅसलीनने रबर फुगतं. प्रॉडक्टची टाकी गच्चीवर असेल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. लाइट गेली, पंप थांबला आणि टाकीतलं पाणी उलटं आलं, तर ०.३ बारपेक्षा जास्त उलट्या दाबाने मेम्ब्रेनच्या पानांचे गोंदाचे जोड सुटतात. आपल्याकडे लाइट कितीदा जाते ते वेगळं सांगायला नको. व्होल्टेज पडल्यावर दाब कमी होतो, तेव्हाही टीडीएस वाढतो, पण तो मेम्ब्रेनचा दोष नाही.

विदर्भातला मे महिना वेगळा. मेम्ब्रेनची मर्यादा ४५ अंश आहे आणि काळी टाकी, उन्हातला पाइप तिथवर सहज पोचतात. पाणी गरम झालं की प्रवाह वाढतो, पण क्षारही जास्त निसटतात. पहाटे पाणी बनवा, टाकीवर सावली करा. पॅनलही पहाटेच धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी नको.

पावसाळ्यात कामं मंदावतात, तेव्हा मेम्ब्रेन दोन दिवसांपेक्षा जास्त नुसती पडू देऊ नका. ४० लिटर आरओ पाण्यात ४०० ग्रॅम सोडियम मेटाबायसल्फाइट, व्हेसल (मेम्ब्रेनचं नळकांडं) पूर्ण भरून झडपा बंद. महिन्याने द्रावण बदला, पीएच ३ च्या खाली गेला तर लगेच.

आता आम्ही गावोगावच्या पाणी एटीएमच्या मेम्ब्रेनही धुतो. तिथे केमिकलनंतर किमान अर्धा तासाचं पाणी सोडून द्यावं लागतं, आणि पीएच, टीडीएस मूळ आकड्यावर आल्याशिवाय कॅन भरायचे नाहीत. मेम्ब्रेन आमच्याकडे आणायची असेल तर ती ओलीच, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, सावलीत आणा. सोबत शेवटच्या महिन्याचे दाबाचे, प्रवाहाचे आणि टीडीएसचे आकडे असले तर कोणत्या द्रावणाने सुरुवात करायची ते लगेच कळतं.