बॅक्टेरियल व्हजायनोसिसचे निदान: ॲम्सेल की न्युजेंट?

बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणजे योनीतील जिवाणूंचा समतोल बिघडणे. त्याच्या निदानासाठी १९८३ च्या ॲम्सेल निकषांनुसार योनीतून येणारा पातळ एकसारखा स्राव, ४.५ पेक्षा जास्त पीएच, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकताच येणारा माशांसारखा उग्र वास आणि सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूंनी कडा झाकून टाकलेल्या ‘क्लू’ पेशी, यांपैकी किमान तीन खुणा आढळाव्या लागतात. निदान तिथल्या तिथे होते, हे या पद्धतीचे बळ. पण वास आणि स्राव पारखणे शेवटी तपासणाऱ्यावर अवलंबून असते.

१९९१ ची न्युजेंट पद्धत ग्राम रंजन (जिवाणू ओळखता यावेत म्हणून रंग देणे) केलेल्या काचपट्टीवरील जिवाणूंचे प्रमाण पाहून ० ते १० गुण देते आणि ७ पासून पुढे निदान पक्के मानते. संशोधनासाठी मला तीच भरवशाची वाटते, मात्र ४ ते ६ गुण आलेल्या स्त्रीला नेमके काय सांगावे, हा प्रश्न ती मोकळाच ठेवते.