ट्रेलर-टेंट दोघांनीच उभारायचा असेल तर

नवरा-बायकोने एकमेकांना एकही सूचना न देता तंबू उभारणे शक्य असते, यावर इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागात, तंबूतळावर आमच्या शेजारच्या जागेवर उतरलेले सत्तरीतले जोडपे पाहीपर्यंत माझा विश्वास नव्हता. पाऊस भुरभुरत होता आणि आमच्या चहाला उकळी येईपर्यंत त्यांचे पलंग उघडून, कॅनव्हास ताणून झालासुद्धा.

ट्रेलर-टेंट म्हणजे गाडीमागे जोडलेली एक बुटकी पेटी. ती उघडली की पलंग बाहेर येतात आणि वर सुती कॅनव्हासचे छत चढते. कॉम्बी-कॅम्प ही डॅनिश कंपनी आपला तंबू 15 सेकंदांत उघडतो असे सांगते. ते खोटे नाही, पण पुढचे ऑनिंग (दारापुढचा कापडी मांडव), खुंट्या आणि विजेची जोडणी त्या 15 सेकंदांत धरलेली नसते, आणि खरा वेळ खाते ते हेच.

त्या जोडप्याची युक्ती हातांच्या चपळाईत नव्हती, तर कामाच्या वाटणीत होती. जमिनीलगतचे सगळे बाईंकडे आणि डोक्यावरचे सगळे आजोबांकडे, आणि दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही. आम्ही ती वाटणी जशीच्या तशी उचलली. मी हातब्रेक ओढून चाकांना अडसर लावते, पुढचे जॉकी व्हील, म्हणजे खाली-वर करता येणारे छोटे चाक, फिरवून पातळी साधते आणि मगच कोपऱ्यांचे पाय खाली सोडते. हे पाय फक्त टेकण्यासाठी असतात. त्यांच्यावर ट्रेलर उचलून पातळी साधायला गेले, तर सांगाडा पिळवटतो. तोवर नवरा आत शिरून दांड्या वर ढकलतो आणि मी बाहेरून कॅनव्हास ओढून घेते. दारांच्या सगळ्या चेन लावल्याशिवाय एकही खुंटी ठोकायची नाही, हा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण आधी खुंट्या ठोकल्या की कापड हवे तसे ताणले जाते आणि मग चेनीची दोन टोके काही केल्या जुळत नाहीत. विजेची 16 अँपिअरची केबल शेवटी, आणि तीही रिळावरून पूर्ण सोडून, कारण गुंडाळलेली केबल भार पडला की तापते.

दोन तंबूंमध्ये 6 मीटर अंतर ठेवण्याची इथली शिस्त आगीच्या भीतीपोटी आहे आणि ती मला पूर्ण पटते. तरीही त्या अंतरापलीकडून कोणी मदतीला येत नाही, हे मला प्रत्येक वेळी खटकते. आपल्याकडे एव्हाना चार जण न बोलावता दोऱ्या धरायला आले असते, हे खरे; त्यांतल्या दोघांनी त्या उलट्या बाजूला ओढल्या असत्या, हेही तितकेच खरे. मात्र हातोटीच्या बाबतीत आपण कमी आहोत, असे मी कदापि म्हणणार नाही. आमच्या साताऱ्याकडचे मांडववाले बांबू, सुतळी आणि नजरेच्या अंदाजावर जे उभे करतात, त्यासाठी इथे एक जाडजूड सूचना-पुस्तिका लागली असती.

सासूबाई फोनवर विचारतात, “पैसे मोजून चिखलात झोपायला कशाला जाता?” शाळांच्या सुट्ट्यांत इथल्या हॉटेलांचे दर काय होतात, ते मी त्यांना दरवेळी सांगते. शिवाय आमचा ट्रेलर ब्रेकचा असून हलका आहे, छोट्या गाडीमागे तो निमूट येतो आणि मोटरवेवर ताशी 60 मैलांची मर्यादा पाळावी लागत असल्याने नवराही शहाण्यासारखा गाडी चालवतो. हा फायदा मी हिशेबात आवर्जून धरते.

काटकसरीचा हा हिशेब पावसात कॅनव्हास ओलाच गुंडाळावा लागला की थोडा डळमळतो, कारण तो घरी आल्याबरोबर उघडून वाळवला नाही तर बुरशी धरतो. मग जिन्याच्या कठड्यापासून बैठकीच्या दारापर्यंत तंबूच तंबू पसरलेला असतो, आणि तो वाळेपर्यंत आम्ही कोणालाही जेवायला बोलावत नाही.