ई-रीडर घेण्याआधी मी काय काय तपासलं

ठाण्यातल्या नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली. बिल्डर देत होता त्या भाड्यात जे घर मिळालं, त्यात भिंतीभर कपाटं लावायची सोय नव्हती. सामान हलवायला आलेल्या पोरांनी फ्रिज, वॉशिंग मशीन, दिवाण सगळं मुकाट उतरवलं. पुस्तकांच्या खोक्यांपाशी मात्र मुकादम थबकला. एक खोका हलवून बघितला आणि म्हणाला, "ताई, आत काय लाद्या भरल्यात?" (ज्यांचं घर हलायचंय त्यांच्यासाठी: पुस्तकांना छोटे खोके घ्या. मोठा खोका तळातून फाटतो.)

खोके भाड्याच्या घरात पलंगाखाली आणि गॅलरीत रचले गेले आणि मुलीनं विषय काढला. "आई, निम्मी रद्दीत दे आणि ई-रीडर घे. तुला नाहीतरी बारीक टाइप दिसत नाही." रद्दीचं सोडा, पण टाइपाचं तिचं म्हणणं खरं होतं. चाळिशी लागून कैक वर्षं झाली. जुन्या कादंबऱ्या दिव्याखाली नेल्याशिवाय वाचता येत नाहीत. शिवाय सकाळच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर (तिघींच्या बाकावर चौथी) अर्धं अंग बाहेर ठेवून एका हातात जाडजूड ग्रंथ धरायचा म्हणजे कसरतच. पावसाळ्यात गॅलरीतल्या खोक्यांना ओल येईल, पुस्तकांना कसर लागेल, ही धास्ती होतीच.

तरी सतरा हजारांच्या घरातली वस्तू नुसत्या उत्साहाच्या भरात घ्यायची नाही असं ठरवलं. मुलीचा कॉलेजच्या वेळचा किंडल (अ‍ॅमेझॉनचा ई-रीडर) खणात पडून होता, तो आधी चार्जिंगला लावला.

फोनवर वाचून डोळे चुरचुरतात, तसंच इथेही होईल अशी माझी पहिली शंका होती. ती लवकर फिटली. ई-रीडरचा पडदा ई-इंकचा, त्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांत विरुद्ध विद्युतभाराचे काळे-पांढरे कण. विद्युतक्षेत्र बदललं की काळे वर येतात किंवा पांढरे, आणि अक्षरं उमटतात. एकदा उमटलेलं पान तसंच ठेवायला वीज लागत नाही, ती खर्च होते पान उलटताना. म्हणूनच वायफाय आणि दिवा सारखा चालू ठेवला नाही, तर चार्जर आठवड्यांनी काढावा लागतो. दिवा असतो तोही कडेनं पडद्यावर पडणारा, मागून थेट डोळ्यांत येणारा नाही. लोकलच्या खिडकीतलं ऊन पडलं की फोन काळा पडतो, यावर मात्र अक्षरं जास्त ठसठशीत दिसतात. कधीकधी आधीच्या पानाची पुसट सावली राहते. तिचा त्रास दोन दिवस वाटतो, मग लक्षातही येत नाही.

अडचण आली ती मराठीची. मुलीच्या त्या जुन्या यंत्राचा पडदा इंचाला १६७ ठिपक्यांचा होता. इंग्रजीला तेवढं चालून जातं. मराठी पान उघडलं तर 'उद्ध्वस्त'मध्ये द ला चिकटलेला ध नुसता डाग दिसत होता आणि 'राष्ट्रीय'मधला ष्ट्र अंदाजानं वाचावा लागत होता. टाइप वाढवला की अक्षर सुटं होतं, पण मग पानावर जेमतेम सात-आठ ओळी राहतात आणि वाचण्यापेक्षा पानं उलटण्यातच वेळ जातो. मग वहिनींचा पेपरव्हाइट (किंडलचंच वरचं मॉडेल) मागून आणला. तो ३०० ठिपक्यांचा. तेच पान, तोच टाइप, आणि जोडाक्षरं अगदी स्वच्छ. किंडलचं साधं मॉडेलही २०२२ पासून ३०० ठिपक्यांचंच येतं, तेव्हा नवं घेणाऱ्याला ही काळजी नाही. वापरलेलं स्वस्तात मिळतंय म्हणून घेणाऱ्यानं मात्र मॉडेल कोणत्या सालचं आहे ते आधी विचारावं, आणि शक्य असेल तर एखादं जोडाक्षरांनी भरलेलं मराठी पान समोर उघडून बघावं. दुकानात नेहमी इंग्रजी पानच दाखवतात.

इथवर सगळं यंत्राच्या बाजूनं चाललं होतं. मग मी ज्या वाचनालयाची सभासद आहे, त्या ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयातून (स्थापना १८९३ची, आणि अजून गजबजलेलं) गेल्या वर्षात काय काय आणलं त्याची यादी केली. त्यात विकत घेतलेली पुस्तकं मिळवली आणि एकेक नाव घेऊन ई-आवृत्ती शोधत बसले. कागदाचा वास, पानांचा स्पर्श, अशा गप्पांनी काही ठरत नाही. या यादीनं ठरलं.

इंग्रजी पुस्तकं जवळजवळ सगळी मिळाली. मराठीचं चित्र वेगळं होतं. किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे आली ती डिसेंबर २०१६ मध्ये. गाजलेल्या कादंबऱ्या, अनुवाद, 'यशस्वी व्हा' छापाची पुस्तकं आता बऱ्यापैकी मिळतात. पण मी वाचते ती आत्मचरित्रं, गावांचे इतिहास, संशोधनाची पुस्तकं, छोट्या प्रकाशकांनी काढलेली आणि आवृत्ती संपली की दिसेनाशी होणारी. त्यांचा पत्ताच नाही. काही एखाद्या मराठी विक्रेत्याच्या अ‍ॅपवर सापडली, पण ती त्याच अ‍ॅपमध्ये उघडतात, म्हणजे पुन्हा फोन. अँड्रॉइडवर चालणारे ई-इंक रीडर असतात, त्यांवर अशी अ‍ॅप टाकता येतात. मराठीच वाचणाऱ्यासाठी खरं तर तेच सोयीचे. पण त्यांची बॅटरी तितकी टिकत नाही, आणि किंमत बघून मी तो विचार सोडला.

मग फुकट मिळणाऱ्या पीडीएफ. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं संकेतस्थळावर मोफत आहेत, आणि ती मोलाची आहेत. हौसेनं उतरवून घेतली. सहा-सात इंची पडद्यावर पीडीएफचं पान आक्रसून बसतं. टाइप वाढवता येत नाही, कारण पानाची मांडणी जशीच्या तशी पक्की असते. यंत्र आडवं धरलं तर अर्धं पान मोठं दिसतं, तेवढीच सोय.

कॅलिबर नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, कोविद गोयल या भारतीयानं २००६ साली सुरू केलेलं. ते एका प्रकारची फाइल दुसऱ्यात बदलून देतं. त्यातून एक पीडीएफ काढून बघितली, तर पानभर रोमन अक्षरं, कंस आणि प्रश्नचिन्हं. भाचा संगणकातला आहे, त्यानं उलगडा केला. युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी संगणकाची पद्धत) येण्याआधीच्या श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये जुळणी केलेली असली, की डोळ्यांना दिसतो 'क', पण फाइलच्या पोटात असतं भलतंच रोमन चिन्ह. तो फाँट काढून घेतला की उरतो हा गोंधळ. स्कॅन केलेल्या पुस्तकांत तर अक्षरंच नसतात, नुसते फोटो. गूगल ड्राइव्हचा ओसीआर (फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर करून देणारी सोय) मराठी ओळखतो आणि बरा ओळखतो, पण तळटिपा मजकुरात मिसळतात आणि मुद्रितशोधन आपल्याच गळ्यात पडतं. निवृत्तीनंतर करीन म्हणते.

सुखद धक्का बसला तो मराठी विकिस्रोताचा, म्हणजे विकिपीडियाच्या भावंड असलेल्या मोफत ग्रंथसंग्रहाचा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०११ पासून त्यांचं लेखन सगळ्यांना खुलं. अशी जुनी पुस्तकं विकिस्रोतावर युनिकोडात आहेत आणि सरळ ईपब (ई-पुस्तकाची फाइल) म्हणून उतरवता येतात. किंडलला २०२२ पासून ईपब मेलनं पाठवता येते. टाइप हवा तेवढा मोठा करा, ओळी आपोआप जुळतात. फक्त ल आणि श हिंदी वळणाचे दिसत होते आणि ते मला सारखे खुपत होते. राज्य मराठी विकास संस्थेचा 'यशोमुद्रा' हा मोफत फाँट कॅलिबरमधून पुस्तकातच बसवला, तेव्हा पान मराठी दिसू लागलं. एवढा खटाटोप प्रत्येकानं करावा असं नाही, पण मला ते खपत नव्हतं.

देण्याघेण्याचा प्रश्न राहिला. आमच्याकडची पुस्तकं शेजारच्या काकू, भिशीतल्या मैत्रिणी, वहिनी असं हिंडून (काही तर न येण्यासाठीच जातात) परत येतात. ई-पुस्तक आपण विकत घेतो म्हणतो खरं, पण मिळतो तो वाचायचा परवाना. दुसऱ्याला द्यायचं तर यंत्रासकट. किंडलवर घेतलेल्या पुस्तकाची फाइल संगणकावर उतरवून यूएसबीनं टाकायची सोय होती, तीही २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद झाली. माझं मत एवढंच झालं की जे पुस्तक एकदा वाचून संपणार आहे ते परवान्यावर चालेल, आणि जे नातवंडांच्या हाती पडावं असं वाटतं ते छापील घ्यावं.

शेवटी ३०० ठिपक्यांचा रीडर घेतला. वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे चौथ्या सीटवर एका हातात राहतो आणि दुसरा हात कडी धरायला मोकळा. इंग्रजी वाचन सगळं त्यावर गेलं. ज्यांची ई-आवृत्ती कधीही मिळेल अशी इंग्रजी पुस्तकं जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराला दिली. त्यानं भाव रद्दीपेक्षा थोडा बरा दिला, इतकंच. गॅलरी रिकामी झाली. मराठी खोके पलंगाखाली तसेच आहेत, आत डांबराच्या गोळ्या टाकून. मुलीला वाटलं होतं ते हलतील.

वाचनालयाचं सभासदत्व चालू ठेवलं आहे. दिवाळी अंकांचा तर प्रश्नच येत नाही. काही अंक आता पीडीएफ स्वरूपातही निघतात, पण दोन रकान्यांचं पान, मधे व्यंगचित्र आणि कडेला वास्तुशांतीच्या गुरुजींची जाहिरात हे सगळं सात इंचांत कोंबलं की ना कथा वाचवते ना जाहिरात. यंदाच्या दिवाळी अंक योजनेची वर्गणी भरून आले आहे. वहिनींनीही भरली, पेपरव्हाइट असून.